सेल्फ मारण्याआधी

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पर्यटनाच्या हंगामात वॉटर स्कूटरची घरघर दिवसभर चालू असते. नदीचं वाहतं पाणी आणि आत शिरणारी भरती एकमेकांना भिडतात, त्यामुळे लाट कुठून येईल याचा नेम नसतो. वळण घेताना नवख्या चालकाने अंग चुकीच्या बाजूला टाकलं की स्कूटर कलंडते आणि क्षणात उलटी होते. लाइफ जॅकेटमुळे माणसं तरंगत राहतात, मनगटाला बांधलेली दोरी सुटल्याने इंजिन बंद पडतं आणि दोन-तीन मिनिटांत कुणीतरी स्कूटर सरळ करून वर चढतं. इथपर्यंत फारसं काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढच्या सेकंदाला. वर चढलेला माणूस सवयीने सेल्फ मारतो, आतून ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि जे इंजिन त्याच दुपारी पुन्हा चालू झालं असतं, ते पूर्ण खोलायची वेळ येते.

हा ‘टक्’ समजून घेतला तर पुढचं सगळं काम सोपं जातं. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. यामाहाच्या व्हीएक्स मालिकेत असतं तसं तीन सिलिंडरचं १,०४९ सीसीचं इंजिन घेतलं तर एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ३५० सीसी येतात. दाबाचं प्रमाण ११ ला १ धरलं, तर पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जेमतेम ३५ सीसी जागा उरते. म्हणजे साधारण अर्धा कटिंग चहा. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला वाटच राहत नाही. सेल्फची मोटर तिथेच अडकली तर नशीब. पण शेजारचा सिलिंडर कोरडा असला आणि त्याने पेट घेतला, तर त्या जोराने पाण्यावर आदळलेल्या पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. मेस्त्री याला हायड्रोलॉक म्हणतात. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका, असं दर पावसाळ्यात बजावलं जातं, त्याचंही कारण हेच.

दुसरा शत्रू इतका आवाज करत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, मोठे दोन चमचे भरून. पाणी सिलिंडरमध्ये असेपर्यंत गंज धिम्या गतीने चढतो. पाणी ओसरून ओल्या, खारट लोखंडाला हवा लागली की तो झपाट्याने पसरतो. सिलिंडरच्या भिंती, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग यांच्यावर काही तासांतच तांबूस थर दिसू लागतो. म्हणून पाणी शिरलेल्या इंजिनाबाबत दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. पाण्यात असताना अजिबात घाई करायची नाही आणि किनाऱ्यावर आल्यावर अजिबात उशीर करायचा नाही. व्यवहारात घडतं ते नेमकं उलटं. पाण्यात सेल्फवर सेल्फ मारले जातात आणि किनाऱ्यावर आणलेली स्कूटर ‘उद्या मेस्त्रीला दाखवू’ म्हणून ताडपत्रीखाली ढकलली जाते.

एक घोटाळा आधीच दूर करायला हवा. स्कूटर बंद पडली की किनाऱ्यावर ‘ओव्हर झालं’ हा शब्द पटकन कानावर येतो. पेट्रोल ओव्हर होणं म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त येऊन प्लग भिजणं. त्यात प्लग काढून पुसले, थोडं थांबलं की काम भागतं. पाणी शिरण्याचा आजार वेगळा आणि उपायही वेगळा. स्कूटर उलटली असेल, बुडाली असेल किंवा सीटखाली पाणी साचलेलं दिसत असेल, तर पाणी आत गेलं आहे असंच धरून चालावं.

पाण्यात असतानाच

आधी माणसं मोजावीत, मग स्कूटरकडे वळावं. उलटलेली स्कूटर कोणत्या बाजूने सरळ करायची याला नियम आहे. मागच्या बाजूला, जेटच्या तोंडाजवळ, बाण काढलेलं एक स्टिकर असतं आणि ते उलट्या स्थितीतही वाचता यावं अशा बेताने चिकटवलेलं असतं. बऱ्याच मॉडेलांत मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं असतं, पण अंदाजावर न जाता स्टिकर पाहावं. कारण असं की एक्झॉस्टच्या वाटेवर वॉटर बॉक्स नावाचा डबा असतो आणि त्यात नेहमीच थोडं पाणी असतं. चुकीच्या बाजूने फिरवलं तर तेच पाणी एक्झॉस्टमधून सरळ सिलिंडरमध्ये उतरतं. समुद्राने जे केलं नाही ते आपल्या हाताने होतं. उन्हाने आणि खाऱ्या हवेने हे स्टिकर उडून गेलेल्या कितीतरी जुन्या स्कूटर किनाऱ्यांवर चालतात. मालकाने पुस्तिकेत दिशा पाहून तिथे रंगाने ठळक बाण काढून घ्यावा. दहा मिनिटांचं काम आहे आणि या लेखातल्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा जास्त मोलाचं आहे.

नव्या फोर-स्ट्रोक स्कूटर उलटल्यावर आपणहून इंजिन बंद करतात. ती फार तर मिनिटभरच उलटी होती, सीटखाली पाणी नाही आणि कंपनीच्या पुस्तिकेत तशी मुभा आहे, अशा वेळी पुन्हा चालू करून पाहायला हरकत नाही. पाच मिनिटांहून जास्त वेळ उलटी राहिली असेल तर बटणाला हातही लावू नये.

मग तिला ओढून आणावं लागतं आणि इथेही एक खाच आहे. जेट पंपात शिरणारं पाणी एका नळीने इंजिन थंड करायला जातं. बंद इंजिनाची स्कूटर स्पीडबोटीमागे वेगाने ओढली तर पाणी त्याच नळीतून जोराने आत ढकललं जातं. इंजिन बंद असल्याने एक्झॉस्टचा दाब ते बाहेर फेकत नाही. ते साचतं, चढतं आणि सिलिंडर गाठतं. म्हणजे ओढायला घेतली तेव्हा जी स्कूटर चांगली होती ती किनाऱ्याला लागेपर्यंत बुडालेली असते. ताशी ८ किलोमीटरच्या वर वेग नेऊ नये, हे यामाहाच्या पुस्तिकांतलं बंधन सगळ्यांनीच पाळावं. झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा जरासा जास्त एवढाच तो वेग. शक्य असेल तर ती नळी चिमट्याने आवळून टाकावी. मात्र इंजिन चालू करण्याआधी चिमटा आठवणीने काढावा, नाहीतर पाण्यातून वाचलेलं इंजिन तापून जाईल.

वाळूवर आल्यावर

स्कूटरची नाळ किनाऱ्याच्या चढाकडे आणि शेपूट समुद्राकडे, अशी ती लावावी. शेपूट कधीही उंच करू नये, कारण तसं केलं की वॉटर बॉक्समधलं पाणी इंजिनाकडे धावतं. मागची दोन बुचं काढली की पोटातलं पाणी वाहून जातं. ते वाहत असताना सीट काढावी आणि बॅटरी सोडावी, आधी निगेटिव्ह टोक आणि मग पॉझिटिव्ह. खारं पाणी आणि १२ व्होल्टचा चालू प्रवाह यांची गाठ पडली की तांब्याची जोडणी हिरवी पडून खाल्ली जाते. सीट उघडी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. बंद पोटात पेट्रोलची वाफ कोंडलेली असू शकते. ती जाऊ द्यावी आणि तोवर जवळपास कुणी विडी-सिगारेट पेटवू नये.

आता प्लग. फोर-स्ट्रोक इंजिनात प्लग खोल खड्ड्यात बसवलेले असतात आणि पोट भरलं असेल तर त्या खड्ड्यांतही पाणी असतं. तसाच पाना घालून प्लग खोलला तर खड्ड्यातलं पाणी सिलिंडरमध्ये जातं. म्हणून आधी खड्ड्यात हवा मारावी. कॉम्प्रेसर नसेल तर सुती चिंधी काडीला गुंडाळून पाणी टिपून घ्यावं आणि मगच प्लग काढावा. एअर बॉक्स उघडून तोही रिकामा करावा. तिथे राहिलेलं पेलाभर पाणी सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करायला लावतं.

प्लग बाहेर आले की पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि हायड्रोलॉकची भीती संपते. आता सेल्फ मारता येतो, पण ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही तोडून. प्लगच्या भोकांतून पाण्याबरोबर पेट्रोलचा फवाराही उडतो आणि तिथे एक ठिणगी पुरते. सी-डू या ब्रँडच्या इंजेक्शनच्या इंजिनांत थ्रॉटल पूर्ण दाबून धरून स्टार्ट दाबलं की इंजिन नुसतं फिरतं, पेट्रोल आणि ठिणगी बंद राहतात. हीच सोय प्लग आत ठेवून वापरायचा मोह होतो. तो टाळावा, कारण पेट्रोल तोडलं म्हणून सिलिंडरमधलं पाणी दबत नाही. ज्या इंजिनांत अशी सोय नाही त्यांचे कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवावेत. जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये प्लगच्या टोप्या इंजिनाला अर्थ कराव्यात.

बॅटरी या कामापुरती जोडावी, भोकांवर जाड कापड टाकावं, तोंड बाजूला ठेवावं आणि पाच-पाच सेकंद सेल्फ मारावा. दोन वेळांमध्ये पंधरा सेकंद तरी थांबावं, म्हणजे मोटर जळत नाही. पहिल्या दोन-तीन वेळांना पिचकारी उडते, मग तुषार, मग नुसती हवा. हवा कोरडी वाटली तरी आणखी दोनदा मारावा. फिरवताना इंजिन अडलं तर जोर करू नये. सिलिंडरमध्ये तेल सोडून रात्रभर थांबावं आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहावं.

यानंतर लगेच, त्याच बैठकीत, प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल. चहाचा एक चमचा इंजिन ऑइल किंवा इंजिन साठवताना मारतात तो फॉगिंग ऑइलचा फवारा, काहीही चालेल. पुन्हा दोनदा इंजिन फिरवलं की तेलाचा पातळ थर भिंतींवर बसतो आणि हवेची वाट अडवतो. डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्या नावातल्या दोन अक्षरांचा अर्थच पाणी हटवणं असा आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत ते तयार झालं आणि ॲटलस क्षेपणास्त्राचं आवरण गंजापासून वाचवायला वापरलं गेलं. कनेक्टर, सेल्फची जोडणी आणि फ्यूजची पेटी यांच्यावर मारायला ते उत्तम. पण त्याचा थर फार पातळ असतो, म्हणून सिलिंडरमध्ये त्याच्या भरवशावर राहू नये.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

इथून पुढे वाटा फुटतात. यामाहा आणि सी-डू यांनी २००२च्या सुमारास फोर-स्ट्रोक स्कूटर बाजारात आणल्या. त्याआधीच्या जवळजवळ सगळ्या टू-स्ट्रोक होत्या आणि काही अजूनही चालतात.

टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल क्रँककेसमधून जातात, त्यामुळे पाणीही तिथेच साचतं आणि क्रँकची बेअरिंगं त्यात बसून राहतात. प्लग काढून, थ्रॉटल उघडा ठेवून बराच वेळ थांबत-थांबत फिरवलं तरच तळाचं पाणी वर येतं. कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी. एअर इनटेकमधूनही तेल सोडावं, कारण बेअरिंगपर्यंत पोचायची तीच वाट आहे. टू-स्ट्रोकचं एक चांगलं आहे, एकदा चालू झालं की पेट्रोलबरोबर येणारं तेल उरलेली ओल आपोआप धुऊन नेतं. अर्धा-पाऊण तास मध्यम वेगाने पाण्यात चालवली की बहुतेक काम होतं.

फोर-स्ट्रोकचा जीव त्याच्या ऑइलमध्ये. डिपस्टिक काढून पाहावी. ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. हे पांढुरकं ऑइल बेअरिंगला आधार देत नाही, म्हणून त्यावर इंजिन चालवणं म्हणजे नव्याने नुकसान करणं. स्कूटरचं इंजिन पोटात खोल बसलेलं असतं, मोटरसायकलसारखा खालचा नट सोडून ऑइल काढता येत नाही. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून पंपाने ते शोषून घ्यावं लागतं आणि तरी थोडं आत राहतंच. त्यामुळे एका बदलात भागत नाही. ऑइल आणि फिल्टर बदलायचे, दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, पुन्हा शोषायचं, पुन्हा भरायचं. तीन फेऱ्यांची तयारी ठेवावी आणि रंग स्वच्छ होईपर्यंत थांबू नये. खर्च होतो, पण इथे वाचवलेले पैसे पुढे क्रँकशाफ्टवर दुपटी-तिपटीने जातात. सुपरचार्जर असलेल्या मोठ्या स्कूटरमध्ये पाणी इंटरकूलरमध्येही अडकतं आणि तिथलं ऑइलही ठरावीक प्रकारचंच लागतं. ती सरळ जाणकार वर्कशॉपमध्ये न्यावी.

टाकीकडेही पाहायला हवं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाशी बसतं आणि पंप तळातूनच शोषतो. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून पाच मिनिटं स्थिर ठेवलं की खाली वेगळा थर दिसतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी उतरतात. तसा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करावी. नुसतं वरून ताजं पेट्रोल ओतून काही साधत नाही.

चालू करताना

नवे किंवा पूर्ण सुकवलेले प्लग, कोरडे कनेक्टर, ताजं ऑइल आणि चार्ज असलेली बॅटरी एवढं जमलं की सेल्फ मारावा. जमिनीवर चालू करायचं असेल तर होजपाइप लावताना क्रम पाळावाच लागतो. आधी इंजिन चालू करायचं, मग पाणी सोडायचं. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन बंद. हा क्रम उलटा झाला तर नळाचं पाणी एक्झॉस्टमध्ये साचून सिलिंडरमध्ये शिरतं. दिवसभर समुद्रात धड चाललेली स्कूटर संध्याकाळी धुताना बुडते ती अशी. यामाहा आणि कावासाकीच्या स्कूटरमध्ये बाहेरचंच पाणी इंजिनभर फिरतं. सी-डूच्या फोर-स्ट्रोकमध्ये कूलंट बंद चक्रात असतं, पण एक्झॉस्टला बाहेरचं पाणी लागतंच, त्यामुळे क्रम तिथेही तोच.

धुण्याच्या पाण्याबद्दल कोकणात विशेष काळजी घ्यावी लागते. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने धुतलं तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, म्हणजे मीठ राहतं. जिभेला मचूळ लागणारं पाणी इंजिनालाही मचूळच. गावातल्या नळाचं पाणी पिंपात भरून आणायला लागलं तरी आणावं. तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयात चालणाऱ्या स्कूटरांना हा त्रास नाही. तिथेही पाणी शिरलं तर हायड्रोलॉक तसाच होतो, पण गंजाची घाई थोडी कमी असते.

चालू झाल्यावर सुरुवातीला पांढरी वाफ येते, ती साचलेल्या ओलीची. इंजिन गरम झाल्यावर ती कमी व्हायला हवी. ठोके ऐकू आले तर लगेच बंद करावं. सगळं ठीक वाटलं तर कमरेइतक्या पाण्यात, म्हणजे पंपात वाळू शिरणार नाही इतक्या खोलीवर नेऊन, अर्धा तास तरी चालवावं. आतली उरलेली ओल उडायला इंजिन पुरेसं तापलेलं लागतं. दोन मिनिटं चालू करून ‘झालं’ म्हणून बंद केलेलं इंजिन रात्रभरात आतून घामेजतं. पहिल्या संधीला कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा ठळकपणे कमी आलं तर रॉड वाकल्याची किंवा रिंग अडकल्याची शंका घ्यावी आणि स्कूटर पर्यटकांच्या हाती देऊ नये.

त्याच दिवशी इतकं करणं शक्य नसेल तर? बुडालेलं आउटबोर्ड इंजिन मेस्त्री येईपर्यंत गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायची एक जुनी रीत आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे शहाणपण आहे, कारण हवा मिळाली नाही तर गंज धावत नाही. स्कूटरचं इंजिन असं बुडवता येत नाही. तिथे प्लगच्या भोकांतून सिलिंडर तेलाने काठोकाठ भरावेत. मात्र तेलही पाण्यासारखंच दबत नाही, म्हणून भरलेल्या इंजिनावर ठळक चिठ्ठी लावून ठेवावी आणि चालू करण्याआधी प्लग काढून आतलं तेल बाहेर काढून टाकावं.

त्याच दिवशी काळजी घेण्याची ही गोष्ट सगळ्यात जास्त लागू पडते मे महिन्याच्या अखेरीस. पावसाळ्यासाठी किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे व्यवसाय बंद होतात आणि साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंदच राहतात. शेवटच्या गर्दीच्या दिवशी पाणी शिरलेली स्कूटर कशीबशी चालू होते, दोन फेऱ्या मारते आणि तशीच माडाखाली ताडपत्रीत जाते. पुढचे तीन महिने हवेत इतका दमटपणा की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. सप्टेंबरात ताडपत्री काढली की इंजिन जाम. मालक पावसाला दोष देतो, पण गंज लागला तो मेमधल्या त्या दुपारी राहून गेलेल्या दोन चमचे तेलामुळे. म्हणून साठवणीपूर्वी पाणी गेलं असो वा नसो, गोड्या पाण्याने धुणं, सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल, ताजं इंजिन ऑइल आणि घरात नेऊन ठेवलेली बॅटरी एवढं व्हावं. सप्टेंबरात पहिल्यांदा चालू करतानाही आधी प्लग काढून इंजिन मोकळं फिरतं का ते पाहावं.

पाणी शिरण्याची वेळ येऊ नये म्हणून करायच्या गोष्टींत सगळ्यात साधी ती मागच्या दोन बुचांची. धुतल्यावर पाणी निथळायला बुचं काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत ती लावायची राहतात. स्कूटर पाण्यात जाते, वेगात असताना काही कळत नाही, थांबली की शेपटाकडून बसू लागते. सुटी निघणारी बुचं असतील तर ती काढल्याबरोबर इंजिनाच्या सुरक्षा-दोरीला बांधून ठेवावीत. त्या दोरीशिवाय इंजिन चालू होत नाही, त्यामुळे सकाळी ती हातात घेतली की बुचंही हातात येतात.